अवघड शाळा कोणती?

बदल्यांचे दिवस आले की सूरजागडकडे येणारे शिक्षक पहिलं विचारतात, शाळा अवघड क्षेत्रात आहे का? हा शब्द सरकारी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने शाळांची सर्वसाधारण आणि अवघड अशी विभागणी केली. २०२१ च्या निर्णयात त्याचे सात निकष आहेत. नक्षलग्रस्त किंवा पेसा गाव, डोंगराळ भाग, जंगली जनावरांचा उपद्रव, वाहनांची सोय नसणे वगैरे. तीन जुळले की शाळा अवघड. तिथे तीन वर्षं काढली की बदली मागायचा हक्क मिळतो.

शिक्षकावर अन्याय नको, हे आम्हालाही पटतं. पण आमची पोरं घरी माडिया बोलतात. पहिलीतल्या पोराला गुरुजींचं मराठी कळत नाही, गुरुजींना त्याचं माडिया. हे निकषात कुठेच नाही! दोघांचं जमू लागतं, तोवर तीन वर्षं संपतात.

आमच्या गटाने एका मॅडमना विचारलं, तुम्ही काय बघून शाळा निवडता? त्या म्हणाल्या, जनावरांचं नंतर; राहायला कडी लागणारी खोली, संडास आणि पाणी आहे का ते आधी.

खोली तर गावच देऊ शकतं. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायांच्या असतात, तो शिक्षण हक्क कायदाच आहे. पुढच्या सभेत दोन गोष्टी लिहून घ्या: मॅडमसाठी खोली, आणि बदलीवर जाणाऱ्यांच्या जागी कोण येणार.