विनाइलची फरशी: आधी ओल पाहावी, मग रंग

घरातील ज्येष्ठांचे गुडघे दुखू लागले, की हिवाळ्यात शहाबादी फरशीचा गारवा नकोसा होतो. ती उखडायची म्हटली तर धूळ, राडारोडा आणि मोठा खर्च. अशा वेळी जुन्या फरशीवरच बसणारी, लाकडासारखी दिसणारी विनाइलची फरशी अनेक कुटुंबांना सोयीची वाटते. दुकानात सागवान, अक्रोड, संगमरवर असे नमुने मांडले जातात आणि सारी चर्चा रंगाभोवती फिरत राहते. घराच्या जमिनीत ओल आहे का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

ही फरशी म्हणजे पीव्हीसीचे एकावर एक दाबलेले थर. लाकूड दिसते ते छापील चित्र असते आणि त्याचे रक्षण वरचा पारदर्शक थर करतो. म्हणून पट्टीच्या एकूण जाडीइतकीच या थराची जाडीही विचारावी. घरगुती वापरास साधारणतः ०.३ मिलिमीटर पुरते. मुलांची धावपळ आणि माणसांचा राबता असेल तर ०.५ घ्यावी. बसवण्याच्या रीती मुख्यतः दोन: पातळ पट्ट्या गोंदाने चिकटवतात, तर चुनखडीची भुकटी मिसळलेल्या एसपीसी पट्ट्या खाचेत खाच अडकवून नुसत्या अंथरतात.

‘जलरोधक’ हा शब्द येथे फसवा ठरतो. वरून सांडलेल्या पाण्याने पट्टी फुगत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जमिनीतून वर येणारी ओल तिच्याखाली अडकून पडते, गोंद सुटतो, कुबट वास येतो. तळमजल्यावरील घरांत हा धोका अधिक. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे पाणी सांगली-कोल्हापुरात ज्या घरांत शिरले, तेथे तर विशेष सावध राहावे. पुराचा गाळ पट्ट्यांखाली गेला, तर अंथरलेली फरशी निदान उचलून, धुऊन, जमीन वाळल्यावर पुन्हा जोडून पाहता येते. चिकटवलेली बहुधा वाया जाते.

ओल ओळखण्याचा घरगुती उपाय सोपा आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवसाने उचलावा. आत थेंब जमले किंवा फरशी काळवंडली, तर ओलीचा बंदोबस्त होईपर्यंत काम थांबवावे. ही परीक्षा मे महिन्यात घेऊन उपयोग नाही. पाऊस चांगला मुरल्यावरच घ्यावी.

जमीन कोरडी ठरली तरी ती सपाट हवी. गवंड्याची दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून पाहावी. खाली तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फट दिसल्यास खळगे आणि शहाबादीच्या रुंद सांधी लेव्हलिंगच्या मिश्रणाने भरून घ्याव्यात. पातळ विनाइलवर खालची प्रत्येक सांध काही दिवसांत उमटते. पट्ट्यांच्या पेट्या त्याच खोलीत दोन दिवस आडव्या ठेवाव्यात. अंथरलेली फरशी उष्णतेने पसरते, म्हणून भिंतीलगत सहा ते दहा मिलिमीटर जागा सोडून ती स्कर्टिंगने झाकतात. घाईतला कारागीर नेमकी हीच जागा सोडत नाही आणि उन्हाळ्यात फरशी मधोमध उचलली जाते.

दारांच्या खालच्या कडा तासाव्या लागतील, हे आधीच धरून चालावे. दोन खोल्यांच्या सीमेवर उंचवटा राहिला, तर ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्याच आजींचा पाय तेथे अडखळतो. तेथे उतरती पट्टी बसवून घ्यावी. पृष्ठभाग गुळगुळीत चकचकीत नको, किंचित खरखरीत असावा. देवघरासमोर उदबत्तीचा निखारा पडला तर कायमचा डाग उरतो, म्हणून तेथे दगडी किंवा पितळी तबक ठेवावे. रबरी तळाच्या पायपुसण्यानेही पिवळट डाग पडतात. सुती पायपुसणे बरे.

खरेदी करताना मापापेक्षा दहा टक्के माल अधिक घ्यावा. तोच नमुना पुढे मिळेलच असे नाही. उरलेल्या पट्ट्या माळ्यावर सपाट ठेवाव्यात. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर त्या वाकतात.