मनुष्य झोंपेंत कां घोरतो?

गाढ झोंप लागली म्हणजे मनुष्य घोरतो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. कुंभकर्णाच्या कथेनें तो अधिकच दृढ केला. वस्तुतः घोरणें हें सुखनिद्रेचें लक्षण नव्हे. श्वासाची वाट अरुंद झाल्याची ती सूचना होय.

निद्रेंत स्नायू शिथिल होतात. उताणें निजलें असतां जीभ मागें सरते, मऊ टाळू व पडजीभ सैल पडतात, आणि त्या चिंचोळ्या वाटेनें हवा घुसली म्हणजे हे भाग वाऱ्यावरील पिंपळपानाप्रमाणें थरथरूं लागतात. मानेभोंवतीं सांचलेला मेद, चोंदलेलें नाक, मद्य, झोंपेच्या गोळ्या यांनीं हा प्रकार बळावतो. लहान मुलांत मात्र टॉन्सिल व नाकामागील गांठी वाढणें हें मुख्य कारण असतें. असा विद्यार्थी वर्गांत पेंगतो किंवा चुळबुळ करितो, आणि त्यास आळशी ठरविलें जातें! त्याला बोल लावण्यापूर्वीं पालकांनीं त्याची रात्र पाहावी, असें आम्हांस वाटतें.

कुशीवर निजणें, वजन उतरविणें व मद्य वर्ज्य करणें, एवढ्यानें पुष्कळांचें घोरणें कमी होतें. परंतु घोरतां घोरतां श्वास मध्येंच थांबत असेल, मनुष्य दचकून धापा टाकीत असेल व दिवसां त्यास अनावर झोंप येत असेल, तर ती थट्टेची बाब नव्हे. अशा रोग्यास रक्तदाब वाढण्याचें व हृदयविकाराचें भय असतें. १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावाटे सतत दाबाची हवा देऊन ही वाट उघडी ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. ती आजही उपयोगांत आहे. घोरणाऱ्यास स्वतःचें घोरणें ऐकूं येत नाहीं. म्हणून डॉक्टरांकडे जातांना शेजारीं निजणाऱ्यासही बरोबर न्यावें.