‘अर्धसत्य’चा शेवट: वेलणकर हिरो की आरोपी?

गंगापूर रोडपासून जवळच, त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत राज्याचे फौजदार घडतात. १९८३ च्या ‘अर्धसत्य’मधला अनंत वेलणकर (ओम पुरी) असाच एक फौजदार. त्याच्या मारहाणीत रेडिओचोरीचा संशयित कोठडीत दगावतो. आता वाचवू शकतो तो गुंड रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर). पण मदतीच्या बदल्यात वेलणकरने त्याचा माणूस व्हायचं. वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि थेट पोलीस ठाण्यात हजर होतो. टाळ्या इथेच पडतात. मात्र विजय तेंडुलकरांच्या पटकथेत कोठडीतला तो मृत्यू पुसला जात नाही. कायद्यातही नाही: कोठडीतील मृत्यूची दंडाधिकारी चौकशी होतेच. आणि रामा शेट्टी गुंड असला, तरी त्याला मारणं हा खूनच.