शिवारातली कीड शास्त्राच्या वहीत गेली पाहिजे

पेरण्या उरकल्या, पीक गुडघ्याला लागले की गावोगाव किडींची चर्चा सुरू होते. पारावर, दूध संस्थेच्या दारात, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो, "औषध कोणतं मारायचं?" कीड नेमकी कोणती, ती कधी आली, किती झाडांवर आहे, तिला खाणारा दुसरा कीटक शेतात आहे की नाही, हे प्रश्न मागे राहतात. वास्तविक औषध मारायचे की नाही, याचे उत्तर याच प्रश्नांच्या पोटात असते.

आपल्या शेतकऱ्याची नजर कमी नाही. रोज बांधावर जाणाऱ्याला जे दिसते, ते संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञाला दिसेलच असे नाही. "औंदा पोंग्यात येगळीच अळी हाय" हे वाक्य प्रथम शेतातच उच्चारले जाते. पण ते पारावरच विरून जाते. शास्त्राच्या जगात तारीख, ठिकाण, संख्या आणि नमुना यांसह जे लिहिले गेले तेवढेच टिकते. ते टिकवण्याची जागा म्हणजे कीटकशास्त्राची नियतकालिके. भारतीय कीटकशास्त्र संस्थेचे 'इंडियन जर्नल ऑफ एन्टोमॉलॉजी' १९३९ पासून निघते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक तर १८८६ सालापासूनचे. ही इंग्रजी कामे मोठ्या लोकांची, आपला काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण त्यातल्या कितीतरी नोंदींचे मूळ कुणाच्या तरी शेतात असते. आपल्या शिवारातली गोष्ट तिथपर्यंत कशी पोचते आणि त्याचा आपल्याला काय फायदा, हे या लेखात पाहू.

मक्यावरच्या अळीचे उदाहरण

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्याच्या पोंग्यात वेगळी अळी आढळली. तेथील कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी शेतातून अळ्या गोळा केल्या, त्या वाढवून पतंग काढले, अंगावरच्या खुणा तपासल्या आणि डीएनए तपासणीने खात्री केली. ही अमेरिका खंडातली लष्करी अळी निघाली. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत पोचली होती, आता भारतात आली होती. शास्त्रज्ञांनी वाट न पाहता त्याच वर्षी नोंद छापली. सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यातही ती सापडली. महाराष्ट्रात ती मक्याबरोबर उसावरही आढळल्याची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली.

या नोंदीने काय साधले? तोवर ही अळी कुणी खोडकिडा समजत असेल, कुणी जुनीच लष्करी अळी. नाव पक्के झाले, तसा इतर देशांचा अनेक वर्षांचा अनुभव आपल्याला आयता मिळाला. डोक्यावर इंग्रजी उलट्या 'वाय' अक्षरासारखी खूण आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही ओळख गावोगाव पोचली. त्याच वर्षी कर्नाटकातील शास्त्रज्ञांनी या अळीचे शत्रूही नोंदवले. अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा व टेलेनोमस या बारीक गांधीलमाश्या आणि अळीला मारणारी बुरशी त्यात होती. पोंग्यात पांढरी, ताठ झालेली मेलेली अळी दिसली, तर ती बहुधा या बुरशीचीच करामत असते.

नाव कळले की वैरीही कळतो

पपईचेच बघा. २००८ साली कोइमतूर भागात पपईवर पिठ्या ढेकूण आला. झाडे पांढरी पडली, फळे चिकट झाली. त्याचे नाव 'पॅराकॉकस मार्जिनॅटस' असे पक्के झाले, तेव्हाच त्याच्या मूळ मुलखात त्याला कोण आवरते हे शोधता आले. २०१० मध्ये पोर्तो रिकोमधून 'ॲसेरोफॅगस पपई' ही गांधीलमाशी बंगळूरला आणली, वाढवली आणि बागांत सोडली. पिठ्या ढेकूण आटोक्यात आला. ही माशी याच ढेकणावर चालते. नाव चुकले असते तर माशीही चुकीची आली असती आणि पैसा व दोन हंगाम पाण्यात गेले असते.

कापसावरच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट आपल्याला आणखी जवळची. या ढेकणाच्या पोटात वाढणारी एक गांधीलमाशी दिल्ली भागात सापडली. अलीगढचे शास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिचे वर्णन छापले आणि एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. बंबावाले यांच्या नावावरून तिला 'एनासिअस बंबावालेई' असे नाव दिले. पुढे २०१४ मध्ये, ही तर पूर्वी अमेरिकेत वर्णन झालेलीच जात, असे दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवले आणि नाव 'एनासिअस ॲरिझोनेन्सिस' झाले. यात कुणाची नाचक्की नाही. नमुने जपून ठेवलेले होते, वर्णन छापलेले होते, म्हणूनच दुरुस्ती झाली. तोंडी गोष्ट दुरुस्तही करता येत नाही.

या माशीची शेतातली खूण सोपी आहे. पांढऱ्या मऊ ढेकणांमध्ये काही तांबूस, फुगीर, कडक झालेले दिसतात. हाताला लागले तर दाण्यासारखे वाटतात. आत माशी वाढत असते. हे न ओळखता फवारा मारला, की ढेकणाआधी त्याचा वैरी मरतो आणि पुढच्या फवाऱ्याचा खर्च आपल्या अंगावर बसतो.

खर्चाहून मोठी गोष्ट जिवाची. २०१७ च्या हंगामात राज्यात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. बोंडअळी बीटीला जुमानत नाही याची पहिली छापील चाहूल फार आधीची होती. गुजरातमधील अमरेली भागातून २००८ मध्ये गोळा केलेल्या अळ्यांवरून २०११ मध्ये तसा शोधनिबंध आला होता. कीड आपला स्वभाव बदलते ते आधी शेतात दिसते. ते कागदावर जितके लवकर येईल, तितका सावध व्हायला वेळ मिळतो.

सर्वेक्षण होते, मग वेगळी नोंद कशाला?

२००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून राज्यात 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. केंद्रानेही ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाइलवरची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली आणली. ही कामे मोलाची आहेत. पण तक्त्यात ठरलेल्या पिकांवरच्या ठरलेल्या किडी मोजल्या जातात. जी कीड तक्त्यातच नाही, जी ओळखीची असून भलत्याच पिकावर बसली, किंवा जो मित्रकीटक प्रथमच दिसला, त्याला शेतकऱ्याची आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याची वहीच उपयोगी पडते.

नोंद कशी करावी?

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात.

१) तारीख, गाव, तालुका, जिल्हा आणि गट क्रमांक. मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळाले तर उत्तम.

२) पीक, वाण, पेरणीची तारीख आणि पिकाची अवस्था. शेजारी कोणते पीक आहे तेही लिहावे.

३) कीड झाडाच्या कोणत्या भागावर आहे आणि नुकसान कसे दिसते.

४) संख्या. "लई हाय" याला शास्त्रात किंमत नाही. शेतात पाच ठिकाणी ओळीने वीस-वीस झाडे पाहावीत. शंभर झाडांपैकी जितकी लागलेली तितके टक्के, हिशेब सोपा. कडेचीच झाडे निवडू नयेत.

५) आधी काय फवारले, कधी व किती. फवारले नसेल तर तसे लिहावे.

६) काही आढळले नाही तरी तारीख टाकून "नाही" लिहावे. कीड कधी आली हे या "नाही"वरूनच कळते.

समजा, नोंद अशी आहे: "१२ जुलै, मका, पेरून २२ दिवस, १०० पैकी १४ झाडांच्या पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा, डोक्यावर उलटा वाय, फवारणी नाही." एवढ्या दोन ओळींवर शास्त्रज्ञ काम सुरू करू शकतो.

नमुना हाच पुरावा

फोटो जरूर काढावा, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून काढावा. पण बारीक किडी फोटोवरून ओळखू येत नाहीत, म्हणून नमुना हवा. अळी आधी गरम पाण्यात बुडवून मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी, नाहीतर ती काळी पडते. पतंग मात्र अल्कोहोलात टाकू नये, पंखांची खवले जातात. तो घडी घातलेल्या कागदात कोरडा ठेवावा. बाटलीत टाकायची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई अल्कोहोलात विरघळते. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे सातबारा नसलेली जमीन.

चार-पाच अळ्या प्लॅस्टिकच्या बरणीत, तोंडाला मलमलचे फडके बांधून, रोज ताजा पाला देत वाढवाव्यात. मोठ्या अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून वेगवेगळ्या ठेवाव्यात. कोष कधी झाला, पतंग कधी निघाला, हे लिहावे. पतंगाऐवजी गांधीलमाशी बाहेर आली तर वैतागू नये. ती माशीच कदाचित खरी बातमी असते. मात्र अनोळखी जिवंत कीड दुसऱ्या गावी नेऊ नये, आपणच तिचा प्रसार करून बसू.

पुढे काय होते?

वही आणि नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात समक्ष जावे. स्पिरिट-अल्कोहोलच्या बाटल्या टपालाने पाठवू नयेत. अवघड नमुने तिथून बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे जातात. ओळख पटली की दोन-तीन पानांचे टिपण तयार होते. कुठे, कधी, कशावर, किती आढळले, ओळख कुणी केली आणि नमुना कोणत्या संग्रहात ठेवला, एवढे त्यात असते. बंगळूरचे 'इन्सेक्ट एन्व्हायर्नमेंट' अशी छोटी टिपणेही छापते. संपादक ते दुसऱ्या जाणकारांकडे तपासायला देतात. ते शंका काढतात, पुरावा मागतात. त्याचा राग धरू नये. आपण बियाणे घेताना पिशवी उलटून बघतोच की.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. जुने साहित्य तपासल्याशिवाय "पहिलीच नोंद" असा दावा करू नये. पैसे भरा, आठवड्यात छापतो, म्हणणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहावे. परदेशात नमुना पाठवायचा तर जैवविविधता कायदा, २००२ लक्षात घेऊन संस्थेमार्फत परवानगीनेच पाठवावा. आणि ज्याच्या शेतातून व नजरेतून नोंद आली त्या शेतकऱ्याचे नाव, त्याची संमती घेऊन, टिपणात आलेच पाहिजे. काम मोठे असेल तर सहलेखक म्हणून यावे. हे नमुना देतानाच बोलून घ्यावे. त्यात संकोच कसला?

ग्रामपंचायतीने एवढे करावे

सरपंच व सदस्य मंडळींना एक सुचवावेसे वाटते. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. तीत झाडे-पाखरांबरोबर कीटकांनाही जागा आहे. गावातल्या चार-पाच जाणत्या शेतकऱ्यांच्या नोंदी दर महिन्याला तीत उतरवून घ्याव्यात. नवी कीड दिसली तर फलकावर लिहावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. शाळेतली पोरे या कामात मोठ्यांपेक्षा पुढे असतात. त्यांच्या हातात एक भिंग दिले तरी पुरे.

वही, पेन्सिल, दोन बरण्या आणि बाटलीभर अल्कोहोल, एवढाच हा खर्च. एका फवाऱ्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही. येत्या आठवड्यात शेतात गेल्यावर वीस-वीस झाडे मोजा, जे दिसेल ते तारीख घालून लिहा आणि अनोळखी काही सापडले तर फवारणीचा पंप उचलण्याआधी दोन नमुने काढून ठेवा. फवारल्यानंतर त्या किडीबद्दल विचारायला काही शिल्लक राहत नाही.