थरांमधला विद्युतभार

भीमा आणि सीना या नद्यांमधला कर्जत तालुका पर्जन्यछायेत येतो. इथल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि पाऊस लागला की तीच जमीन फुगून मिटते. बेसॉल्ट झिजून तयार झालेली मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती याला कारण आहे. तिचा एकेक थर सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग एवढा जाड. थरातल्या ॲल्युमिनियमच्या काही जागा मॅग्नेशियमने घेतल्यामुळे थरावर ऋणभार उरतो आणि तो कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम यांचे आयन थरांच्या फटीत धरून ठेवतो. पाणी शिरते तेही त्याच फटीत. जमिनीचा कस आणि वाफसा यांचा मोठा हिस्सा या पृष्ठभागांवर ठरतो. अर्धवाहकांचा अभ्यास भौतिकशास्त्रात, या मातीसारख्या स्तरित पदार्थांचा रसायनशास्त्रात आणि पेशीचा जीवशास्त्रात करण्याची आपली पद्धत आहे. पण अतिशय पातळ थराच्या दोन बाजूंना विद्युतभार कसा साठतो आणि काय घडवतो, हा प्रश्न तिन्हींचा आहे, आणि तो हाती घ्यायला तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय समर्थ आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी ट्रान्झिस्टरकडे पाहू. मोहम्मद अटाला आणि डावोन कांग यांनी १९५९च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत धातू, ऑक्साइड आणि सिलिकॉन यांचे थर एकावर एक रचून मॉसफेट हा ट्रान्झिस्टर घडवला. वरच्या धातूवर, म्हणजे गेटवर, विद्युतदाब दिला की विद्युतरोधक ऑक्साइडपलीकडच्या सिलिकॉनमध्ये प्रवाहाची वाट उघडते. १९७०मध्ये पीट बर्गवेल्ड यांनी गेटचा धातूच काढून टाकला आणि ऑक्साइड थेट द्रावणात ठेवला. द्रावणातले हायड्रोजन आयन ऑक्साइडच्या पृष्ठभागाला चिकटतात किंवा सुटतात आणि तेवढ्याने खालचा प्रवाह बदलतो. सामू (पीएच) एका अंकाने बदलला तर २५ अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक मिळतो. डीएनएच्या साखळीत नवा घटक जोडला गेला की एक प्रोटॉन, म्हणजेच हायड्रोजन आयन, सुटतो, आणि तो टिपून जनुकवाचन करणारी चिप २०११मध्ये याच तत्त्वावर पुढे आली. पेशीविज्ञान आणि मॉस रचना यांची गाठ याहून स्पष्ट दिसणे कठीण.

वनस्पतीचे मूळही प्रोटॉनचाच व्यवहार करते. मुळाच्या पेशीचे आवरण सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे. त्यातले प्रथिनांचे पंप एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर टाकतात आणि आवरणाच्या दोन बाजूंत दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास फरक राखतात. इतक्या कमी जाडीत हा दाब म्हणजे मीटरला ३ कोटी व्होल्टचे विद्युतक्षेत्र! बाहेर गेलेले प्रोटॉन मातीच्या थरावर बसतात, तिथले पोटॅशियम सुटते आणि मुळाला मिळते. चुनखडीच्या जमिनीत मात्र चुना हे प्रोटॉन शोषून घेतो. अशा जमिनीत लोह आणि जस्त भरपूर असूनही पिकाला कमी पडते, त्यामागे हे मोठे कारण आहे.

स्वच्छ कक्ष आणि कोट्यवधींची यंत्रे नसताना मुळालगतचा सामू अशा ट्रान्झिस्टरने मोजण्याचे संशोधन कसे होणार, ही हरकत रास्त आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ०.६५ नॅनोमीटर जाडीच्या एकेरी थरावर ट्रान्झिस्टर करणे तालुक्याच्या प्रयोगशाळेचे काम नाही, आणि तसा आव आणणे विद्यार्थ्यांवर अन्याय ठरेल. परंतु १९८३मध्येच दुसरी वाट सापडली होती. ट्रान्झिस्टर कोरडा ठेवायचा, त्याच्या गेटपासून तार काढायची आणि द्रावणात फक्त ऑक्साइडचा लेप दिलेली काच किंवा पत्रा बुडवायचा. यासाठी बाजारात सहज मिळणारी सीडी ४००७ ही चिप जगभर वापरली जाते. राहिला लेप. बीकरमध्ये, कमी तापमानाला रासायनिक पद्धतीने पातळ लेप चढवण्याची भक्कम परंपरा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. झिंक ऑक्साइड, मँगनीज ऑक्साइड असे लेप तसे करता येतात. कर्जतचे रयत शिक्षण संस्थेचे दादा पाटील महाविद्यालय असो वा शेजारच्या तालुक्यातले दुसरे, एवढी सामग्री आवाक्याबाहेरची नाही.

दुसरी हरकत अधिक खोल जाते. क्षारयुक्त द्रावणात विद्युतभार झाकला जातो. रक्तासारख्या द्रवात त्याचा प्रभाव १ नॅनोमीटरही पोचत नाही, तर संवेदकावर बसवायचे प्रतिपिंडच १० नॅनोमीटर लांब असते. पण प्रोटॉन थेट पृष्ठभागावर बसतो, त्यामुळे सामू मोजताना ही अडचण येत नाही. खरी अडचण वाचन हळूहळू सरकण्याची आहे, आणि झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते हेही विसरता येत नाही. मृदा आरोग्य पत्रिका असताना हा खटाटोप कशाला, असेही कोणी विचारेल. पत्रिकेतला सामू नमुना घेतला त्या दिवसाचा असतो. मुळालगत तो पिकाच्या वाढीबरोबर बदलत राहतो आणि एका नमुन्यात तो बदल सापडत नाही. मुंबई आयआयटीत मॅरियम शोजाई बघिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राफीनच्या अतिसूक्ष्म कणांवर मातीतील ओलाव्याचे संवेदक केले, म्हणजे स्तरित पदार्थ शेतात उतरवण्याची वाट आपल्याकडे मळू लागली आहे.

चुनखडीच्या काळ्या मातीच्या गाळात कोणता ऑक्साइड चोवीस तास न सरकता टिकतो, हा पहिला प्रश्न घ्यावा. प्रत्येक वाचनाशेजारी काचेच्या इलेक्ट्रोडचे वाचन ठेवावे, आणि नमुन्यांचा दुसरा भाग कर्जतच्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे पडताळणीसाठी जावा.