दिवा घेताना वॅट नव्हे, काम सांगा

घरासाठी दिवा घ्यायला आलेला ग्राहक दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचा आहे?" तारेच्या जुन्या बल्बच्या काळात हा प्रश्न योग्यच होता. ४०, ६०, १०० या आकड्यांवरून उजेडाचा अंदाज येत असे. एलईडीच्या बाबतीत तो अंदाज चुकतो. वॅट म्हणजे दिवा खात असलेली वीज. उजेड मोजतात तो ल्यूमेनमध्ये, आणि हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ल्यूमेन देत असे. ९ वॅटचा चांगला एलईडी ९०० च्या आसपास देतो. रोज ५ तास लावल्यास पहिला महिन्याला ९ युनिट वीज खातो, तर दुसरा दीड युनिटसुद्धा नाही.

बचतीचा हा हिशेब आता बहुतेकांना पटला आहे. परंतु बचत झाली म्हणजे दिवा योग्य निवडला असे होत नाही. खोली एक असली तरी तिच्यात मुले अभ्यास करतात, घरची मंडळी जेवतात, पाहुणे बसतात आणि रात्री सर्व झोपतात. या सर्व कामांना एकच दिवा पुरत नाही.

प्रथम रंग पाहू. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० चा दिवा पिवळसर, ४००० चा साधा पांढरा आणि ६५०० चा निळसर पांढरा उजेड देतो. बैठक, जेवण आणि झोपण्यापूर्वीचा वेळ यांसाठी पिवळसर मंद उजेड बरा. त्यात मनाला स्वस्थता वाटते. निळसर प्रखर उजेड रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर राहिला, तर झोप आणणारे शरीरातील द्रव्य कमी तयार होते. स्वयंपाकाचा ओटा आणि अभ्यासाची जागा यांना ४००० च्या आसपासचा दिवा चांगला.

दुसरी बाब जागेची. अनेक घरांत शिलाई मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलेले असते आणि ट्यूबलाइट पाठीमागे असते. शिवणाऱ्या बाईची सावली नेमकी सुईवर पडते. डोळे दुखतात, टाका चुकतो, कापड उसवावे लागते आणि मजुरी बुडते. मग घरचे लोक आणखी मोठी ट्यूब आणतात; सावली मात्र तिथेच राहते. अशा वेळी लहानसा दिवा मशीनजवळ, बाजूने लावावा. लहान दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले की उजेड जवळजवळ चौपट होतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डाव्या बाजूला दिवा असावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही.

घरात वृद्ध असतील तर त्यांचा विचार वेगळा करावा. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मुलाला पुरणारा उजेड आजोबांना पुरत नाही. जिना आणि न्हाणीघराची वाट येथे काटकसर करू नये. पडून हाड मोडल्यास होणारा खर्च विजेच्या बिलाहून कितीतरी मोठा असतो.

ज्यांचे घर एका खोलीचे आहे, त्यांनी दोन दिवे आणि दोन स्वतंत्र बटणे ठेवावीत : एक कामाचा पांढरा, एक विसाव्याचा पिवळसर. खर्च फारसा वाढत नाही, कारण एका वेळी एकच दिवा जळतो.

आमच्या व्यापारी बांधवांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. ग्राहकाला वॅट विचारण्याऐवजी "दिवा कुठे लावायचा? त्याखाली काय काम चालते?" असे विचारावे. कापडाच्या दुकानाला किंवा जरीकाम करणाऱ्याला दिवा देताना रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक पाहावा. साध्या दिव्यात तो ८० च्या आसपास असतो. रंग जुळवायचे असतील तर ९० च्या पुढचा द्यावा. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह नसेल तर तो माल स्वस्त मिळाला तरी ठेवू नये. लुकलुकणारा दिवा डोके दुखवतो आणि ग्राहकही तोडतो. योग्य सल्ला देऊन विकलेला लहान दिवा दुकानदाराला नफा थोडा देईल, पण पुढच्या खरेदीला ते घर पुन्हा त्याच दुकानात येईल.