तराजू कोणाच्या हाती?

१९४४ च्या जुलै महिन्यात, महायुद्धाचा वणवा अद्याप शमला नसताना, ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जगाच्या अर्थव्यवहाराची घडी बसविण्यासाठी अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जमले. परतंत्र हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे साचलेल्या आपल्या येण्याचा काही अंश तरी अन्य चलनांत मिळावा, ही हिंदुस्थानची रास्त मागणी तेथे मान्य झाली नाही. कोणत्याही एका राष्ट्राचे नसलेले जागतिक चलन असावे, ही केन्स यांची कल्पना त्याआधीच मागे पडली होती. सोन्याशी बांधलेला डॉलर हेच जगाचे माप ठरले.

ते बंधन १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी जगाला न विचारता तोडले. सोने सुटले, डॉलर मात्र राहिला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, म्हणतात ते असे!

१९९१ साली आपणांस सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. त्या आपत्तीस आपलीही उधळपट्टी कारण होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नियम पाळणाऱ्यालाही आज अभय कोठे आहे? अमेरिकेने नेमणुका अडविल्यामुळे जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ मध्ये ठप्प झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या बऱ्याच मालावर तिने ५० टक्के जकात बसविली, तेव्हा अखेरची दाद मागावयास दार उघडे नव्हते. नाणेनिधीत मोठ्या निर्णयांस ८५ टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेपाशी १६ टक्क्यांहून अधिक आहेत. म्हणजे तिच्या संमतीवाचून सुधारणेचे पाऊल पडणे नाही.

यावर उपाय म्हणून कोणी डॉलरच्या जागी दुसऱ्या बलाढ्य राष्ट्राचे चलन बसवू पाहील. आमच्या मते तो उपाय नव्हे. दुकानदार बदलल्याने खोटे माप खरे होत नाही. नाणेनिधीतील मतांची न्याय्य वाटणी, अपील मंडळाची पुनःस्थापना आणि तुटीच्या राष्ट्रांप्रमाणेच शिलकीच्या राष्ट्रांवरही समतोलाची जबाबदारी, हाच धोपट मार्ग होय. तो लांबचा आहे. तोवर एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये आणि घरची गंगाजळी आटू देऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. तराजू सर्वांचा व्हावा, ही मागणी १९४४ साली परतंत्र देशाच्या तोंडी दुबळी ठरली. स्वतंत्र भारताने ती निर्भयपणे, आणि स्वतःचा हिशेब चोख ठेवून, पुन्हा मांडली पाहिजे.